राखीव चुका

बोरजाईत पोराला काय येतं, हे आता कुणी विचारत नसे. काय येत नाही, ते विचारत. आणि ते सांगताना आईबापांच्या तोंडावर असं तेज चढे, की पोरगं जणू कलेक्टर होऊन आलंय.

“आमच्या प्रणीतला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेसुद्धा कळत नाही हो,” गॅरेजवाल्या यादवांची बायको बाजारात वांगी निवडता निवडता सांगायची.

“अजून? नववीत गेला की!”

“बापानं गॅरेजच्या उंबऱ्याला पाय लावू दिला नाही. शपथ घातलीय त्याला.”

अशा वेळी नगरपरिषद शाळेतल्या हेमलताबाई बाबर पिशवी घेऊन शेजारून गेल्या, तर दोघी आपोआप गप्प व्हायच्या. पैलवानांच्या गप्पा चालू असताना वस्ताद यावा, तसं. कारण या बाबतीत गावात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची केतकी पंधरा वर्षांची झाली होती आणि तिला लिंबू कापता येत नव्हतं.

हा उलटा कारभार सुरू कसा झाला, ते सांगायला हवं.

सरकारी शाळेतल्या मुलांना दहावीनंतर कुठं जावं ते कळत नाही, निम्मी भलतीकडे शिरतात आणि अर्ध्यातून परत येतात, असं सरकारच्या ध्यानात आलं. उशिरा आलं, पण आलं. मग चार वाटा ठरल्या. आरोग्य, यंत्र, शेती आणि व्यवहार. नववीच्या अखेरीला ज्याची जी वाट ठरेल, त्यानं तीच धरायची आणि पदवी हातात पडली की सरळ कामाला लागायचं. फी नाही, क्लास नाही, वशिला नाही. वशिला नाही हे ऐकून गावातल्या काही जाणत्या मंडळींना घाम फुटला होता. वाट ठरवणार कोण? तर एक टोपी.

माणूस काहीही करायला गेला की त्याचा मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो. जिना संपला असं समजून आपण पाय टाकतो आणि खाली अजून एक पायरी निघते. तेव्हा सगळ्या अंगाला जो हिसका बसतो, तो त्या मोडलेल्या अंदाजाचा. तसाच, पण फार बारीक हिसका प्रत्येक चुकीला कपाळामागे बसतो. पापणी लवायच्या आत विजेची एक लहर उठते, आणि तिच्या जोरावर मेंदू पुढचा अंदाज दुरुस्त करतो. शिकणं म्हणतात ते बहुतेक एवढंच. टोपीच्या आत बसवलेल्या चकत्या ही लहर मोजत. मूल नवं काम करायला लागलं की पहिल्या चुकांना मोठ्या लहरी, मग लहान, मग आणखी लहान. ज्याच्या लहरी झपाट्यानं लहान होतील, त्याला त्या कामाचा कल. नाटक चालत नसे, कारण जाणूनबुजून केलेल्या चुकीचा मेंदूला धक्काच बसत नाही. शास्त्रज्ञांनी त्या लहरीला लांबलचक नाव दिलं होतं. पोरांनी तिला ठेच म्हटलं आणि यंत्राला ठेचटोपी. तेच नाव टिकलं.

टोपी यायच्या आधी प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला मार्गदर्शक नेमून जिल्ह्याला प्रशिक्षणाला बोलावलं. बोरजाईतून हेमलताबाई गेल्या. शिकवायला डॉ. फरांदे नावाची एक तरतरीत बाई होती. मेंदूवर संशोधन केलेली, पण बोलायला साधी. सकाळच्या सत्रात ती म्हणाली, “एक लक्षात ठेवा. ज्याला काम आधीच येतं, त्याला ठेच लागत नाही. त्याची रेघ सपाट येते. तिथं टोपी कल दाखवणार नाही.”

“म्हणजे येणाऱ्याला बाहेर काढायचं?” मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं.

“येणाऱ्याला शिकवून सरकारला काय मिळणार? सरकारला शिकणारा पाहिजे,” डॉ. फरांदे म्हणाली. “याची दुसरी बाजूही आहे, ती जेवणानंतर बघू.”

आता, प्रशिक्षणाला जेवणानंतर थांबायचं नसतं, हे मास्तर मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. दोन्ही सत्रांच्या सह्या सकाळीच उरकतात, जिलेबी-मठ्ठा होतो आणि दुपारच्या एसटीला जिल्हाभरचे मास्तर खिडक्या धरून बसलेले असतात. हेमलताबाईंनाही खिडकी मिळाली. खिडकीशी बसून त्यांनी सकाळच्या वाक्याचा हिशेब मांडला, आणि बोरजाई येईस्तोवर तो सुटलासुद्धा.

पहिल्या वर्षी त्याची पडताळणीच झाली. पतंगे टेलरची थोरली, जी आठवीतच ब्लाऊज बेतायची, तिची बारीक हातकामाची रेघ ताटासारखी सपाट आली. टोपी म्हणाली, हिला कल नाही. टेलर शाळेत येऊन रडायचा तेवढा बाकी राहिला. हेमलताबाईंनी त्याला पाणी दिलं, समजूत काढली, घरी आल्या आणि सुयांचा डबा कपाटावर ठेवून दिला. केतकी तेव्हा पाचवीत होती.

आरोग्यवाटेत शल्यसहायकाची शाखा सगळ्यांत वरची. त्या वाटेवरच्या मुलीला स्थळं घर विचारत येतात, व्यवहारवाटेवरच्या मुलीसाठी बापाला दारं हिंडावी लागतात. मार्गदर्शकाच्या खुर्चीवरून हे अगदी स्वच्छ दिसत होतं. शाखेची चाचणी काय, तर रबराच्या कातडीवर टाके घालायचे. म्हणजे केतकीच्या हातून होणाऱ्या चुका नववीपर्यंत जपायच्या. एकही आधी खर्च होऊ द्यायची नाही. सुई नाही, सुरी नाही, चिमटा नाही, रांगोळीसुद्धा नाही.

“पोरीला लिंबू कापता येत नाही, हेमा,” विलासराव म्हणायचे. ते सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावाच्या तोंडी, ढोरांचे डॉक्टर.

“मी आहे ना कापायला.”

“जन्मभर?”

“डॉक्टरणीला लिंबू कापून द्यायला माणसं मिळतात, अहो.”

पूर्वी केतकी बापाच्या मोटरसायकलवर पुढं बसून वाड्यावस्त्यांवर जायची. शेळीच्या पोटाला कान लावायची. ‘पप्पा, मी, मी!’ करत हात पुढं करायची. ते बाईंनी बंद केलं. पोरगी गुणी, आईचं ऐकायची. पहिल्या वर्षी हात पुढं यायचे आणि मागे जायचे. नंतर ते पुढं यायचे थांबले.

बाईंनी हे गुपित फक्त नणंदेला सांगितलं होतं, आणि तेही गळ्याची आण घालून. त्यामुळे गावभर व्हायला शनिवारचा बाजार उजाडावा लागला. पुढचं सगळं आपोआप झालं. ज्याला पोरगं मेकॅनिक करायचंय त्यानं गॅरेजला कुलूप घातलं. ज्याला ते आपल्या धंद्यातून सोडवायचंय त्यानं त्याला पहाटे उठवून धंदा शिकवायला सुरुवात केली. क्लासवाल्या मगदूम सरांचं दिवाळं निघायची वेळ आली होती, पण माणूस हुशार. त्यांनी पाटी बदलली: ‘येथे मुलांना सायंकाळी सुरक्षित बसवले जाईल. काहीही शिकवले जाणार नाही. हमी.’ बाहेर चपलांना जागा नव्हती.

केतकी नववीत गेली. चाचणी महिन्यावर आली. एका रविवारी विलासराव तिला आत्याकडे सोडायला घेऊन गेले आणि दुपार व्हायच्या आत दोघं परत आले. विलासराव घरात आलेच नाहीत. अंगणातल्या नळावर हात धूत उभे राहिले. शर्टाच्या बाहीला रक्त होतं.

“काय झालं हो?”

“तुझ्या पोरीला विचार.”

केतकी पायरीवर उभी होती. प्रगतिपुस्तक दाखवावं तशा आवाजात ती म्हणाली, “आई, मी हात नाही लावला.”

मग विलासरावांनीच सांगितलं. रस्त्यात म्हाळसाबाई धनगरणीचा फोन आला. तिचा मेंढवाडा वाटेतच, माळावर. मेंढी सकाळपासून अडली होती. कोकराचा पुढचा पाय मागं मुडपलेला. मेंढीच्या अंगात विलासरावांचा पंजा जाईना, म्हाळसाबाईची बोटं वातानं वाकडी झालेली.

“हिचा हात गेला असता,” ते म्हणाले. “नेमका हिच्याच हाताएवढी जागा. मी म्हटलं, साबण लाव, हात घाल, मी सांगतो तसं कर, नुसता पाय सरळ करायचाय. ती म्हातारी हात जोडायला लागली. ‘घाल गं लेकरा, घाल गं माझे आई.’ आणि ही काखेत हात घालून उभी. एवढीशी हलली नाही.”

“मेंढी?”

“मेंढी वाचली. कोकरू गेलं.”

हेमलताबाईंच्या पोटात पहिल्यांदा जे आलं, ते समाधान होतं. अगदी गार, थंडगार समाधान. पोरीनं एवढ्या ऐन प्रसंगातसुद्धा काही खर्च केलं नाही. दुसरं काही यायच्या आत ते येऊन बसलं होतं, आणि विलासरावांना ते बायकोच्या तोंडावर दिसलं.

“एकच महिना राहिलाय चाचणीला,” बाई घाईनं म्हणाल्या.

“हां. कोकराला नाही थांबता आलं,” विलासराव म्हणाले आणि शर्ट न बदलता दवाखान्यात निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी डबा तिकडेच न्यायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

संध्याकाळी केतकीनं विचारलं, “आई, चाचणी झाल्यावर मेंढीला हात लावला तर चालेल?”

“मेंढीला कशाला? माणसांना लावशील तू. मोठमोठ्या.”

“मी माणसांचं नाही विचारलं,” केतकी म्हणाली. पण ती वाद घालणारी पोरगी नव्हती.

चाचणीच्या दिवशी विज्ञानाच्या खोलीत टेबलं मांडली होती. प्रत्येकावर रबराची कातडी, तिला मध्ये पाडलेली चीर, वाकडी सुई, दोरा, चिमटा. पडद्यावर एकदा कसं करायचं ते दाखवत आणि मग पोरं सोडून देत. स्वतःच्या मुलीच्या जवळ जायची बाईंना मुभा नव्हती, पण मार्गदर्शक म्हणून सगळ्यांच्या रेघा दिसणाऱ्या पडद्यासमोर त्यांची खुर्ची होती. देखरेखीला डॉ. फरांदे स्वतः आली होती. केस थोडे पिकले होते, बाकी तशीच.

केतकीच्या शेजारी मुलाण्यांची जस्मिन होती. ती सुई टोचली की “अय्या!” म्हणायची, दोरा निसटला की “मेल्या, थांब ना!” म्हणायची, आणि पडद्यावर तिची रेघ दिवाळीतल्या फुलबाजीसारखी तडतडून हळूहळू बारीक होत होती. सुरेख. बाईंनी मनातल्या मनात तिला आरोग्यवाटेवर बसवूनसुद्धा टाकलं. मग त्यांनी केतकीची रेघ शोधली.

रेघ सपाट होती.

बाईंना वाटलं, टोपी नीट बसली नसेल. त्यांनी मान उंच करून पाहिलं. केतकी टाके घालत होती. म्हणजे, सुई रबरात खुपसत होती. टाका चिरेच्या एकाच बाजूला पडला होता. दोरा गुंतला होता. रबर फाटून लोंबत होतं. आणि केतकीचा चेहरा बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा शांत होता. तिनं पुन्हा सुई खुपसली. पुन्हा चुकलं. रेघ हलली नाही.

वेळ संपली तशा बाई डॉ. फरांदेला गाठून व्हरांड्यात घेऊन गेल्या.

“मॅडम, एक टोपी बिघडलीय. तिला यातलं काही म्हणजे काही येत नाही. मी लिहून देते. सपाट येईलच कशी?”

“टोपी बरोबर आहे.” डॉ. फरांदेनं चष्मा काढून पुसला. “तुमचीच ना ती? सुई टोचली की काय होईल, याचा तिला काही अंदाजच नाही. ती वाटही बघत नाही. अंदाज बांधलाच नाही, तर मोडणार काय? बाई, ठेच लागायला आधी चालावं लागतं.”

“पण तुम्ही म्हणाला होतात, सपाट म्हणजे येतं…”

“ते सकाळी. दुपारी मी हे म्हणाले होते. ज्याला पूर्ण येतं त्याची सपाट आणि ज्यानं कधी हातच घातला नाही त्याचीही सपाट. मध्ये जे लुडबुड करतात, धडपडतात, त्यांना चढउतार. दरवेळी सांगते मी दुपारी.” ती थोडी थांबली. “रिकाम्या खुर्च्या बऱ्या असतात तिथल्या. शांत ऐकतात.”

तेवढ्यात जस्मिन उड्या मारत बाहेर आली.

“बाई, बाई! माझं चांगलं झालं ना?”

“झालं. तू आधी शिवायचीस का गं?”

जस्मिननं जीभ चावली. “अम्मीला सांगू नका हां. गच्चीवर बाहुलीचे कपडे शिवायची चोरून. पण येत नव्हतं बाई, खरंच! सगळं वेडंवाकडं व्हायचं. मग उसवायची, परत शिवायची.”

यादवांच्या प्रणीतनंही यंत्रवाट मारली. तो म्हणे मामाच्या गावी जाऊन ट्रॅक्टर खोलायचा आणि जोडता आला नाही की पळून यायचा. ज्या ज्या पोरांनी आईबापांना फसवलं होतं, ती सगळी तरली. मगदूम सरांकडची पोरंही बाकाखाली काही ना काही उद्योग करतच होती. सरांना न शिकवण्याची हमी तेवढी पाळता आली. गावात आईचं अक्षरशः ऐकलेली मुलगी एकच निघाली. तिला व्यवहारवाट मिळाली.

“फेरचाचणी आहे,” जाताना डॉ. फरांदे म्हणाली. “सुट्टी संपल्यावर. मार्गदर्शकाच्या शिफारशीवर एकदाच मिळते. पण तोवर तिला हात घालू द्या. कशातही. अंदाज बांधू द्या, मोडू द्या. यजमान जनावरांच्या दवाखान्यात आहेत ना तुमचे?”

हेमलताबाईंना हे सांगायला विलासरावांच्या दवाखान्यात जावं लागलं. लग्नानंतर त्या तिथं क्वचितच गेल्या होत्या. वास सहन होत नसे. त्या दारात उभ्या राहिल्या. विलासराव एका म्हशीच्या शिंगाला औषध लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“केतकीला घेऊन येत जा बरोबर. सुट्टीभर.”

“आता?”

“हो.”

“परीक्षेसाठी?”

बाईंनी खोटं बोलायचं ठरवून तोंड उघडलं होतं. पण समोरचा माणूस इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवला होता. “परीक्षेसाठीच,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय सांगू मी आता?”

विलासरावांनी बाटलीला बूच लावलं. “पाठव. पण इथं आली की ती माझ्याबरोबर असेल. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

पहिल्या दिवशी बाई तिला घेऊन स्वतः गेल्या. बोलणार नव्हत्या, नुसतं बघणार होत्या. एक म्हातारा धनगर शेळी घेऊन आला होता. तारेच्या कुंपणावर तिचा गुडघा सोलवटला होता, फार काही नव्हतं. विलासरावांनी जखम धुतली आणि पट्टीची गुंडाळी लेकीच्या हातात दिली.

“बांध.”

केतकीनं गुंडाळी धरली. तिचे हात चांगले होते. लांब, निमुळते, कुठं ओरखडा नाही, कुठं गाठ नाही. बघणाऱ्यानं म्हणावं, हात असावेत तर असे.

“कशी?” तिनं विचारलं.

“तुला वाटेल तशी.”

“मला काही वाटत नाही, पप्पा.”

म्हातारा हसला. “डाक्टर, पोरगी लाजती व्हय? बांध गं बाय, माझी शेळी काय बोलायची न्हाई तुला.”

केतकी शेळीजवळ बसली. पट्टीचं टोक गुडघ्याशी नेलं, आणि तिथंच थांबली. शेळी पाय झाडत होती. पोरगी मान वळवून आईकडे बघायला लागली.

हेमलताबाईंना राहवलं नाही. “बांध बाळा,” त्या म्हणाल्या, आणि आवाज शक्य तितका मोकळा केला. “चुकलं तर चुकू दे. बिनधास्त चूक. आता कुणी काही म्हणणार नाही. जितक्या होतील तितक्या चुका कर.”

केतकीनं मान डोलावली. आईचं सगळंच ती नीट ऐकून घ्यायची, तसं हेही घेतलं. मग गुंडाळी तशीच धरून तिनं अगदी मनापासून विचारलं,

“किती करू?”

विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. पण नवऱ्याला त्यांचा चेहरा वाचता येत होता. आकडा त्यांच्या जिभेवर आलेला होता.